ग्रीक थिएटर ‘पूर्ण बांधून’ का टाकत नाहीत? एपिडॉरस, अथेन्स आणि पायऱ्यांखालचं पाणी

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत, ते आधी माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे मी भलत्याचंच उत्तर देत नाहीये ना ते तुम्हाला कळेल. एक, ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन उघड्या थिएटरात बसायच्या मधल्या ओळी जुन्या वाटल्या पण दोन्ही कडेच्या ओळी आणि बाजूचा दगडी दरवाजा बराच नवा वाटला, मग हे थिएटर अस्सल किती? दोन, अथेन्सला ॲक्रोपोलिस या टेकडीच्या पायथ्याचं डायोनिसस देवाचं थिएटर बघून निराशा झाली, खाली जेमतेम काही ओळी आणि वर नुसता माती-दगडाचा उतार, तर एवढं महत्त्वाचं थिएटर ग्रीक लोक पूर्ण बांधून का टाकत नाहीत, आपल्याकडचा चांगला कॉन्ट्रॅक्टर दोन सीझनमध्ये उभं करून देईल. आणि तीन, गाइडने मध्यभागी नाणं टाकलं ते शेवटच्या ओळीत तुम्हाला ‘ऐकू आलं असं वाटलं’, पण ते खरंच ऐकू येतं का.

मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट आहे, बरंचसं काम महाराष्ट्रातलं, वाडे, मंदिरं, किल्ल्यांच्या तटबंद्या वगैरे. मधली काही वर्षं ग्रीसमध्ये पेलोपोनीज भागात एका छोट्या थिएटरच्या टीममध्ये होतो. एपिडॉरस किंवा अथेन्सच्या टीममध्ये मी नव्हतो, त्यामुळे तिथलं आतलं राजकारण मला विचारू नका, पण काम कसं चालतं आणि निर्णय कसे घेतात ते सांगू शकतो.

तुम्ही विचारताय जुनं किती आणि नवं किती. साइटवर काम करणारा माणूस पहिल्या दिवशी हे विचारतच नाही. तो विचारतो, या पायऱ्यांच्या खाली काय आहे आणि पावसाचं पाणी जातं कुठे. हे दोन कळलं की कुठल्या ओळी टिकणार, कुठल्या पडणार, कुठे नवीन दगड घालावा लागणार आणि कुठे हात लावायचा नाही, हे सगळं बऱ्यापैकी ठरून जातं. म्हणून आधी तिथूनच सुरुवात करतो.

रोमन लोकांनी पुढे कमानी आणि व्हॉल्ट, म्हणजे कमानदार छतं, उभारून सपाट जमिनीवरही थिएटरं बांधली. ग्रीकांचं तसं नव्हतं, ते आधी सोयीचा उतार शोधायचे. त्या उतारात मधोमध खोलगट खणायचं, निघालेली माती डावीउजवीकडे टाकून त्या खोलगट भागाचे दोन्ही हात पुढे वाढवायचे, ती भरावाची माती ढासळू नये म्हणून पुढच्या बाजूला घडीव दगडाची जाड रिटेनिंग वॉल घालायची (तिकडे अनालेम्मा म्हणतात), आणि मग या सगळ्यावर दगडी ओळी गालिचा अंथरावा तशा अंथरायच्या. म्हणजे प्रेक्षकांचं वजन डोंगर पेलतो, दगड फक्त वरचा थर. आता यात मेख अशी की मधला भाग मूळ जमिनीवर किंवा खडकावर बसलेला असतो आणि दोन्ही कडेचे भाग माणसाने टाकलेल्या भरावावर. भराव खचतो, त्यात पाणी मुरतं, भिंतीवर मागून दाब येतो, भूकंप झाला की भिंत पुढे झुकते आणि एकदा भिंत गेली की कडेच्या ओळी घसरत खाली येतात. शिवाय कडेचे दगड रस्त्याच्या जवळ, सपाट जमिनीला लागून, पळवायला सोपे. गावात चर्च बांधायचंय, गोठा बांधायचाय, घडीव दगड आयते पडलेत, लोकांनी नेले. आपल्याकडे वाड्यांचे चिरे गेले तसेच.

त्यामुळे एपिडॉरसला तुम्हाला जे दिसलं ते बरोबरच दिसलं. हे थिएटर इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या शेवटाकडचं धरतात, पाउसानियास नावाच्या प्रवाशाने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात त्याचं श्रेय पोलिक्लाइटोस नावाच्या वास्तुकाराला दिलंय. खाली ३४ ओळी, मध्ये आडवा रस्ता, वर २१ ओळी, अशा ५५. वरचा टप्पा नंतर वाढवला असं बहुतेक जण मानतात. १८८१ मध्ये पानागिओटिस काव्हादियास यांनी उत्खनन सुरू केलं तेव्हा मधला भाग मातीखाली चांगला राहिलेला होता आणि दोन्ही टोकं उद्ध्वस्त झालेली. पश्चिमेचा दरवाजा काव्हादियासनीच १९०७ च्या सुमारास परत उभा केला आणि मोठं काम अनास्टासिओस ओर्लान्डोस यांनी १९५४ ते १९६३ मध्ये केलं, कडेचे भाग आणि आधारभिंती त्यातच आल्या. त्याच सुमाराला तिथे नाट्यमहोत्सवाचीही सुरुवात झाली, म्हणजे हजारो लोकांना बसवायचंय हे समोर ठेवूनच काम चाललं होतं. आजच्या नियमात बसवायला गेलं तर ओर्लान्डोसच्या कामातलं काही थोडं जास्तच झालंय असं मला वाटतं. पण ते काम झालं नसतं तर आज तिथे इतकी माणसं बसली नसती हेही तितकंच खरं, आणि १९६० ला ऑपेरा गायिका मारिया कॅलासने तिथे ‘नॉर्मा’ गायलं नसतं.

तर अस्सल किती? माझं उत्तर असं की रचना जवळजवळ पूर्ण अस्सल आहे, दगड बराच अस्सल आहे, आणि जिथे नाही तिथे तुम्हाला नुसत्या डोळ्यांनी कळलं, म्हणजे ती दुरुस्ती प्रामाणिक आहे. न कळणारी दुरुस्ती मला जास्त खटकते.

आता पाण्याचं. डोंगराचा उतार म्हणजे पाणलोट. वरून येणारं सगळं पाणी थिएटरच्या तोंडात येणार. जुन्या लोकांना हे माहीत होतं म्हणून ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे मधल्या गोलाच्या, कडेने दगडी गटार असतं. तुम्ही एपिडॉरसला बहुतेक त्यावरूनच चालत गेला असाल आणि लक्षही गेलं नसेल. बसायचा दगड नीट बघितलात तर त्याला दोन पातळ्या असतात, पुढचा भाग बसायला आणि मागचा थोडा खाली घेतलेला पट्टा, त्यात मागच्या माणसाचे पाय. पाऊस पडला की पाणी त्या पट्ट्यात येतं, तिथून जिन्याकडे, जिन्यावरून खाली, खालून गटारात. ही सगळी साखळी चालू असेपर्यंत दगड जागेवर राहतात. पण भूकंपाने किंवा नुसत्या वयाने सांधा दोन बोटं उघडला की पाणी पट्ट्यातून वाहण्याऐवजी सांध्यातून आत जातं, खालची माती थोडी थोडी धुवून नेतं, खाली पोकळी तयार होते, दगड पुढे कलतो, कलला की सांधा अजून उघडतो. मग त्यात अंजिराचं रोप येतं, नाहीतर केपरचं झुडूप, ते तिकडे दगडाच्या फटीत जिथे तिथे उगवतं, दिसायला सुंदर आणि मुळं अशी की विचारू नका. आपल्याकडे पिंपळ जे करतो तेच.

म्हणून आमच्या साइटवर एकही नवीन ओळ लागायच्या आधी बरेच महिने फक्त गटारं साफ करणं, वरच्या बाजूला चर काढून डोंगराचं पाणी थिएटरला वळसा घालून न्यायचं, आणि कललेले दगड नंबर टाकून उचलून खालचा भराव परत करणं एवढंच चाललं होतं. बघायला येणाऱ्यांना वाटायचं हे लोक काही करतच नाहीयेत. तिकडे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात, त्यामुळे उन्हाळ्यात उघडलेला भाग पावसाआधी झाकून टाकायचा, कामाचं वेळापत्रक आपल्या बरोब्बर उलटं. आणि हो, भरावात काय घालायचं हे पूर्ण परिस्थितीवर अवलंबून आहे, खाली खडक असेल तर वेगळं, चिकणमाती असेल तर वेगळं (ती भिजली की फुगते आणि सुकली की आकसते, दगड वर्षभर वरखाली होत राहतात), हिवाळ्यात बर्फ पडणारी जागा असेल तर अजून वेगळं. एका साइटचं डिटेल दुसरीकडे जसंच्या तसं उचलून लावणारा माणूस दिसला तर लांब राहा.

आता पडलेले दगड परत कसे लावतात, कारण ‘पूर्ण बांधा’ म्हणताना हा भाग कोणी विचारात घेत नाही. समजा ऑर्केस्ट्रात आणि आजूबाजूच्या शेतात मिळून काही शे बसायचे दगड पडलेत. कुठला कुठल्या ओळीतला? सगळे सारखेच दिसतात. पण ओळी गोलाकार असल्यामुळे दगडात ती गोलाई उतरलेली असते. एक मीटर लांबीचा दगड घ्या, पुढच्या कडेला सरळ पट्टी टेकवा, दोन्ही टोकं टेकतात आणि मध्ये फट राहते. ती ओळ केंद्रापासून २० मीटरवर असेल तर फट साधारण ६ मिलिमीटर, ४० मीटरवर असेल तर ३ मिलिमीटर. अडीच हजार वर्षं झिजलेल्या कडेवर हे मोजणं म्हणजे कठीणच. त्यापेक्षा दुसरी खूण बरी, सांधे केंद्राच्या दिशेने कापलेले असले तर दगडाची मागची बाजू पुढच्यापेक्षा लांब असते. ७० सेंटिमीटर खोलीचा तोच दगड २० मीटरवरच्या ओळीतला असेल तर मागे साडेतीन सेंटिमीटरने लांब, ४० मीटरवरचा असेल तर पावणेदोनने. हे टेपनेही कळतं. पण शेजारच्या दोन ओळींमधला फरक २० मीटरवरही येतो जेमतेम सव्वा मिलिमीटर, त्यामुळे ‘हा दगड दहावी ते पंधरावी यातल्या कुठल्यातरी ओळीतला’ एवढंच छातीठोकपणे सांगता येतं. पुढे मग टाकीचे घाव, पहारीने दगड सरकवायची खाच, शेजारच्या दगडाला घासलेली बाजू, पावसाने झिजलेली बाजू, असं करत करत जागा शोधायची.

आणि एपिडॉरसमध्ये तर अजून एक गंमत आहे. खालच्या टप्प्यात १२ पाचरी आहेत, म्हणजे दोन जिन्यांमधले भाग. त्यातल्या मधल्या आठ एका केंद्रावरून काढल्यात, पण दोन्ही टोकांच्या दोन-दोन पाचरींचं केंद्र वेगळं, त्रिज्या मोठी. म्हणजे टोकाकडे जाताना ओळी किंचित बाहेर उघडतात, त्यामुळे कडेला बसलेल्याला जरा बरं दिसतं आणि खालचं गटारही दरवाज्याकडे रुंद होत जातं. डोळ्याला हे जाणवत नाही, दोरी लावली की कळतं. पण याचा अर्थ असा की कडेच्या खालच्या ओळीचा दगड मापावरून मधल्या भागातल्या वरच्या ओळीचा वाटू शकतो. आता लेझर स्कॅन आणि फोटोग्रामेट्रीमुळे (फोटोंवरून मापं काढायची पद्धत) हे जुळवणं खूपच सोपं झालंय, तरी शेवटचा शब्द पाथरवटाचाच. आमच्याकडे टिनोस बेटावरचे एक म्हातारे पाथरवट होते (त्या बेटावर संगमरवराचं काम पिढ्यान्पिढ्या चालतं), ते प्रत्येक दगडाला हातोडीने हलकेच टकटक करून ऐकायचे, खणखणीत वाजला तर वर चढवायचा, बद्द वाजला तर आत तडा आहे, आधी तो सांधायचा. आपले पाथरवटही हेच करतात. मला त्यांची भाषा येत नव्हती तरी त्या आवाजावर आमचं एकमत व्हायचं.

मग अथेन्स. डायोनिससच्या थिएटरबद्दल लोक म्हणतात ‘मूळ होतं तसं करा’. माझा प्रश्न, कुठलं मूळ? सोफोक्लिस, युरिपिडिस, ॲरिस्टोफेनिस यांची नाटकं पहिल्यांदा झाली ती याच उतारावर, पण तेव्हा, इसवी सनपूर्व पाचव्या शतकात, प्रेक्षक लाकडी बाकांवर बसायचे. दगडी थिएटर पूर्ण झालं ते त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, लायकर्गस अथेन्सचा खजिना सांभाळत होता तेव्हा, इसवी सनपूर्व ३३० च्या आसपास, आणि तोपर्यंत हे तिघंही जाऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या. मग रोमन काळात सम्राट नीरोच्या वेळी रंगमंच बदलला, ऑर्केस्ट्राला संगमरवरी फरशी आली, खेळ आणि झुंजी चालाव्यात म्हणून पुढे संगमरवरी कठडा आला, तो आजही आहे. नंतर पूर्वेच्या वाटेवर ख्रिस्ती बॅसिलिका, म्हणजे चर्च, झाली आणि ऑर्केस्ट्रा तिचं अंगण झाला. आता लायकर्गसचं थिएटर ‘पूर्ण’ करायचं म्हणजे नीरोच्या वेळचं काढून फेकायचं का? आणि लायकर्गसचंच का, नाटकं तर लाकडी बाकांच्या काळातली. प्रत्येक थराला स्वतःचा इतिहास आहे, आणि एक पूर्ण करायला गेलं की बाकीचे मोडावे लागतात. हा प्रश्न फक्त अथेन्सचा नाही, वायव्य ग्रीसमधल्या डोडोनाच्या थिएटरला रोमन काळात खालच्या ओळी काढून आखाड्याची भिंत घातलीय, तिथेही तेच त्रांगडं.

दुसरं म्हणजे दगडच नाहीत. मूळ ओळी पोरोसच्या, म्हणजे मऊ चुनखडीच्या, आणि सगळ्यात पुढे ६७ संगमरवरी खुर्च्या मानकऱ्यांसाठी, मधोमध डायोनिससच्या पुजाऱ्याची. वरच्या ओळींचे दगड शतकानुशतकं शहराने नेले, तटबंदीत गेले, घरात गेले. वर तुम्हाला जो नुसता उतार दिसला तिथे बऱ्याच ठिकाणी फक्त दगड बसवायला कापलेल्या खडकाच्या खुणा उरल्यात. त्या खुणा म्हणजेच पुरावा. त्यावर नवे दगड घातले की पुरावा झाकला जातो, आणि नवे दगड घालायचे तर १५ हजारांच्या वर माणसं बसायची एवढ्या ओळी नव्याने घडवाव्या लागतील, म्हणजे ते जुन्या जागेवरचं नवीन थिएटर होईल. ॲक्रोपोलिसला वळसा घालणारा पेरिपाटोस नावाचा जुना रस्ता या थिएटरच्या वरच्या भागातून आडवा जायचा, दोन टप्प्यांमधला रस्ता म्हणून त्यालाच वापरलं होतं, पुढच्या वेळी वर चढून ते नक्की बघा, तिथून या थिएटरचा खरा आकार कळतो.

१९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात, याबद्दल स्पष्ट भूमिका आहे आणि जगभर आम्ही लोक तेच धरून चालतो. जागेवर सापडलेले सुटे भाग परत जुळवा, मध्ये लागेल तेवढाच नवा दगड घाला आणि तो ओळखू येऊ द्या, आणि अंदाज सुरू झाला की थांबा. ग्रीसमध्ये त्यावर २००२ चा कडक पुरातत्त्व कायदा आणि मध्यवर्ती पुरातत्त्व परिषदेची मंजुरी. त्या परिषदेसमोर ड्रॉइंग घेऊन जाणं म्हणजे काय असतं ते तिकडच्या कुणालाही विचारा. तरी अथेन्सला काहीच होत नाहीये असं नाही, २००९ मध्ये सुमारे ६० लाख युरोंचा कार्यक्रम जाहीर झाला होता, पण त्यातही उद्देश काही ओळी टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा होता, सगळं थिएटर उभं करण्याचा नाही. मला हा निर्णय योग्य वाटतो. ज्यांना ॲक्रोपोलिसच्या खाली भरलेलं थिएटर बघायचंय त्यांच्यासाठी शेजारीच हेरोडेस ॲटिकसचं ओडिऑन (संगीतासाठी बांधलेलं थिएटर) आहे, बरेच पर्यटक त्यालाच डायोनिससचं समजून फोटो टाकतात. ते रोमन काळातलं, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, १९५० च्या दशकात त्याच्या ओळी नवीन पेंटेलिक संगमरवराने बांधून काढल्या आणि तिथे साधारण ५ हजार माणसं मावतात. म्हणजे एकाच उतारावर दोन्ही मार्ग समोर आहेत, एक भरून काढलेलं आणि एक बरंचसं तसंच ठेवलेलं.

आपल्या कॉन्ट्रॅक्टरचं म्हणाल तर हाताने आपली माणसं कुठेच कमी नाहीत, वांधा होतो तो सिमेंटने. सह्याद्रीतल्या एका किल्ल्यावर (नाव घेत नाही) जुन्या तटबंदीच्या दरजा सिमेंटने भरलेल्या मी बघितल्यात, दोन-चार पावसाळ्यात आतलं पाणी बाहेर पडायला जागा न राहिल्याने दर्शनी दगड फुगून बाहेर आला. आपला काळा दगड तरी कडक, पोरोससारख्या मऊ दगडाला सिमेंट लावलं तर सिमेंट राहतं आणि दगडाचाच भुगा होतो, वर सिमेंटमधले क्षार दगडात जातात ते वेगळंच. म्हणून चुना. आपल्याकडे चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना, तिकडे नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (ओल्यातही घट्ट होणारा), तत्त्व एकच की जोडणारा माल दगडापेक्षा कमकुवत हवा आणि त्यातून पाणी श्वास घेतल्यासारखं बाहेर पडायला हवं. ग्रीकांनी हा धडा स्वतःच्या खर्चाने शिकलाय. ॲक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन मंदिरावर निकोलाओस बालानोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी पट्ट्या वापरल्या, जुन्या ग्रीकांनी लोखंडाभोवती शिसं ओतलं होतं ते यांनी गाळलं, लोखंड गंजलं, फुगलं, आणि संगमरवर फुटला. पुढच्या पिढीला ते सगळं उतरवून परत लावावं लागलं, आता टायटॅनियम वापरतात. टायटॅनियम गंजत नाही आणि उन्हात त्याचं प्रसरण संगमरवराच्या जवळपास होतं. त्यातही सळी मुद्दाम अशा हिशोबाने ठेवतात की भूकंपात आधी सळी वाकावी, दगड फुटू नये. सळी बदलता येते.

या सगळ्यात ‘वापर’ हा मुद्दा सुटू नये, कारण निम्मे निर्णय त्यावर होतात. नुसतं बघायचं थिएटर असेल तर कललेली ओळ कललेलीच ठेवता येते, दोरी बांधली की झालं. माणसं बसवायची असतील तर जिने सुरक्षित हवेत, अंधारात पाय घसरता कामा नये, बाहेर पडायला वाट हवी, लाइटच्या केबल कुठूनतरी न्यायच्या, मग नवीन दगडाचं प्रमाण आपोआप वाढतं. पेलोपोनीजमधल्याच मेसिनीचं थिएटर पेत्रोस थेमेलिस यांच्या टीमने खणून काढून बरंच उभं केलं आणि २०१३ पासून तिथे कार्यक्रम होतात, तिथलं कोडं वेगळं होतं कारण प्रेक्षकभाग बराचसा कृत्रिम भरावावर आणि बाहेरच्या भिंतीवर तोललेला. सिसिलीत सिराक्युजला ओळी खडकात कोरलेल्या, त्या झिजू नयेत म्हणून नाटकांच्या सीझनमध्ये वरून लाकडी पाट टाकतात. मला व्यक्तिशः हा उपाय सगळ्यात आवडतो, काढता येतो, दगडाला ओरखडा नाही, आणि प्रेक्षक परत लाकडावर बसतात, सुरुवातीला बसायचे तसे. मेगालोपोलिसला तर पाउसानियासने ग्रीसमधलं सगळ्यात मोठं म्हटलेलं थिएटर आहे, तिथे खालच्या ओळी दगडी आणि वरचा सगळा उतार गवताचा-झाडांचा तसाच ठेवलाय, आणि तरीही आकार बघून छाती दडपते.

आता नाणं. २००७ मध्ये निको डेक्लर्क आणि सिंडी डेकाइझर यांनी एपिडॉरसच्या आवाजावर एक अभ्यास केला, त्यात त्यांचं म्हणणं असं की दगडी ओळींची खालीवर खालीवर रचना फिल्टरसारखी चालते, साधारण ५०० हर्ट्झच्या खालचे आवाज, म्हणजे वारा, गर्दीची कुजबुज, हे दबतात आणि माणसाच्या बोलण्यातला वरचा भाग टिकतो. खालचे सूर कमी झाले तरी मेंदू ते आपल्या आपण भरून घेतो. मग २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी एपिडॉरस, आर्गोस आणि हेरोडेसच्या ओडिऑनमध्ये बऱ्याच जागांवर मोजमाप केलं. त्यांना असं आढळलं की नाणं पडल्याचा आवाज पार मागपर्यंत ‘काहीतरी झालं’ एवढा येतो, पण ते नाणं आहे हे ओळखू येतं फक्त निम्म्यापर्यंत, आणि कुजबूज तर पुढच्या ओळींतच कळते. मोठ्याने, नटाच्या तयारीच्या आवाजात बोललं तर शेवटपर्यंत शब्द पोचतात. म्हणजे तुमचं ‘ऐकू आलं असं वाटलं’ हे अगदी अचूक वर्णन आहे, गाइडने आधीच सांगितलेलं असतं ना काय ऐकायचंय ते. आणि आज आपण ऐकतो ते रंगमंचाची मागची भिंत नसताना ऐकतो. स्केनेची, म्हणजे रंगमंचामागची, जुनी इमारत उभी होती तेव्हा ती आवाज पुढे परतवायची, आता तिथे फक्त पाया आहे, म्हणून मोकळ्या थिएटरातल्या प्रयोगावरून जुन्या लोकांना काय ऐकू यायचं हे थेट काढता येत नाही.

परत जाणार असाल तर एपिडॉरसहून गाडीने तासाच्या आत आर्गोस आहे, तिथे मधल्या ओळी डोंगराच्या खडकातच कोरल्यात, साधारण २० हजार माणसांचं थिएटर. भराव नाही, खालून धुपायला माती नाही, म्हणून मधला भाग आहे तसा उभा आहे, आणि बाजूचे भाग, जे भरावावर होते, ते गेलेत. वर मी जे भराव आणि खडक सांगितलं ते तिथे पाच मिनिटात डोळ्यांनी दिसतं, तिकीटही कमी आणि गर्दी जवळजवळ नाही. एपिडॉरसला मात्र शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये वीकेंडला नाटकालाच जा, भाषा कळली नाही तरी चालेल. बसायला पातळ उशी घेऊन जा, दगड दिवसभराच्या उन्हाने रात्रीपर्यंत गरम असतो. आणि बरोबर कुणी उंच टाचांच्या सँडल घालून येणार असेल तर आधीच सांगा, २००९ पासून बंदी आहे, दारात काढायला लावतात. एक टोकदार टाच म्हणजे जेमतेम नखाएवढ्या जागेवर सगळ्या माणसाचं वजन, मऊ चुनखडीवर त्याचे खड्डे पडलेले मी स्वतः मोजलेत.